कुणीच न केलेला आवाज

"मन्या बांगड्या कथा ग्यात व माय?"

मोठी मायनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि मला एवढंच विचारलं. तिच्या १९९३ सालच्या आवाजातली एकूण एक टकटक मी तीन रात्री जागून काढली होती. ती काहीतरी गोड बोलेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. तिनं ओव्यांबद्दल काही म्हटलं नाही, स्वतःच्या तरुण आवाजाबद्दलही नाही. तिनं बांगड्या विचारल्या.

मी धुळ्यात, देवपूरला, एका छोट्या खोलीत रेकॉर्डिंगचं काम करते. अहिराणी गाण्यांचे ट्रॅक, बियाण्यांच्या नि कापडदुकानांच्या जाहिराती, यात्रेतल्या रिक्षावर वाजणाऱ्या अनाउन्समेंट, हे रोजचं. गाणाऱ्याचं एक कडवं सकाळच्या टेकमधून घ्यायचं, दुसरं संध्याकाळच्या, आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. कापणं आणि जोडणं यात माझी सोळा वर्षं गेली आहेत. पण जोड म्हणजे नेमकं काय, हे मला घरच्या एका कॅसेटनं शिकवलं.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. पांझरेकाठच्या आमच्या गावात जात्याला घट्या म्हणतात. तिकडे जळगाव-भुसावळकडे लेवा मंडळी घरोट म्हणतात. १९९३ च्या उन्हाळ्यात गावात पिठाची गिरणी होतीच, पण कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मोठी माय हट्टानं घरी दळायची. गिरणीत आधीच्या माणसाचं धान्य आपल्यात मिसळतं, कळण्याची चव जाते, असं तिचं म्हणणं. पहाटे घट्या सुरू झाला की ओवी सुरू व्हायची. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवाच टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला, घेतला होता. ते त्या अंधारात उठून घट्यापासून हातभर अंतरावर तो ठेवायचे आणि बटणावर बोट ठेवून बसायचे.

बटणावर बोट, कारण कॅसेट साठ मिनिटांची आणि पुरवून वापरायची. ती ओवी म्हणायला लागली की रेकॉर्ड, घट्यात धान्याचा घास घालायला थांबली की पॉज. त्यामुळे मला मिळाले ते अकरा तुकडे. सगळ्यात मोठा पन्नास सेकंदांचा. प्रत्येकाच्या सुरुवातीला आणि शेवटी बटणाचा दणदणीत ठोका.

मोठी मायची लेक, आमची ताई, लग्न झाल्यापासून सुरतेला असते. तिच्या लेकीचं लग्न गावी करायचं ठरलं. हळद दळायच्या वेळी घट्याला हात लावणाऱ्या पाच जणी मिळतील, पण ओवी म्हणणारी कोण? मोठी माय ऐंशीच्या पुढे गेलेली, तिचा आवाज आता दोन ओळींतच फाटतो. ताईनं फोन केला की आप्पांची कॅसेट तुझ्याकडे आहे, मायचा आवाज हळदीला लागला पाहिजे. आणि पुढे म्हणाली, सलग दे, मधे मधे तुटायला नको.

सलग. हा शब्द ऐकायला सोपा आहे.

कॅसेट उतरवून घेतली, बटणांचे ठोके जिथं होते तिथं कापले, अकरा तुकडे एकापुढे एक लावले. खोलीतल्या छोट्या स्पीकरवर बरं वाटलं. मग मांडवात जे बॉक्स लागणार होते त्यांच्यावर वाजवून बघितलं, कारण गावाकडच्या लग्नात आवाज शेवटी तिथूनच येणार. आणि प्रत्येक जोडावर असा "ढप्" आला की अंगणातली कोंबडी उडाली. छोट्या स्पीकरवर जी बारीक टिक होती, तिला मोठ्या बॉक्सनं पोट दिलं होतं.

मी बटणाचा ठोका तर कापून टाकला होता. मग हा आवाज कुणाचा? कुणाचाच नाही. तो त्या पहाटे झालाच नव्हता. तो मी केला होता, दोन खरे आवाज एकमेकांना चिकटवून.

हे कसं होतं ते नीट सांगते, कारण मोबाइलवर रील कापणाऱ्या पोरापोरींनाही हेच भेडसावतं आणि बहुतेकांना वाटतं की माइक खराब आहे. कॉम्प्युटरमधला आवाज म्हणजे आकड्यांची माळ. माझ्या फाइलमध्ये एका सेकंदाला ४४,१०० आकडे. प्रत्येक आकडा सांगतो की त्या क्षणी स्पीकरचा पडदा मधल्या जागेपासून किती पुढे किंवा किती मागे असायला हवा. सोळा बिटांच्या फाइलमध्ये हा आकडा वर ३२,७६७ पर्यंत जातो, खाली उणे ३२,७६८ पर्यंत. गाणारा आवाज कितीही चढला तरी माळेतले शेजारचे मणी एकमेकांच्या जवळपास असतात, लाट चढते आणि उतरते. आता मी एक तुकडा अशा जागी कापला जिथं आकडा ९,२०० होता, आणि पुढचा तुकडा उणे ७,४०० पासून सुरू झाला. पडद्याला मी सांगते आहे की सेकंदाच्या चव्वेचाळीस हजाराव्या भागात एवढी उडी मार. गळ्यातून, तारेतून, दगडातून अशी उडी कधी निघत नाही. तिच्यात एक सूर नसतो, तळापासून टोकापर्यंत सगळेच सूर एकदम असतात. म्हणून कानाला ती काडी मोडल्यासारखी टोचते आणि बेसच्या बॉक्सला धक्का देते.

उपाय सगळ्यांना माहीत असतो, शून्यावर कापा. लाट वरून खाली जाताना मधली रेघ ओलांडते, तिथं आकडा शून्य असतो, तिथं कात्री लावा. ऑडॅसिटी नावाचा फुकटचा प्रोग्रॅम बरेच जण वापरतात, त्यात झेड हे बटण दाबलं की निवडलेल्या भागाची टोकं आपोआप जवळच्या शून्यावर सरकतात. पण शून्याला दिशा असते, हे कुणी सांगत नाही. पहिला तुकडा चढत चढत शून्यावर आला असेल तर दुसराही तिथून चढतच निघाला पाहिजे. चढणारा येऊन थांबला आणि उतरणारा निघाला तर आकडे जुळतात, लाट मात्र त्या जागी कोपऱ्यात मोडते. टक लहान होते, जात नाही. वाहत्या पाण्याला एकदम काटकोनात वळवलं की ते आदळतं, तसंच.

आणि शून्यच खोटं असेल तर? माझ्या पहिल्या स्वस्त साउंड कार्डात हा दोष होता. शांततेची रेघ मधोमध न राहता थोडी वर सरकलेली असायची. डोळ्यांना दिसणार नाही इतकी, पण तुकडा सुरू झाला की पडदा आधी त्या उंचीवर उडी मारणार आणि संपला की खाली पडणार. काही महिने मी प्रत्येक तुकड्याची टोकं घासत बसले आणि टप टप काही जाईना. शेवटी कळलं की रेघेचा हा सरकलेपणा, ज्याला डीसी ऑफसेट म्हणतात, आधी काढायचा आणि मग कापायला घ्यायचं. उलट क्रमानं केलं की सगळी मेहनत वाया.

स्टिरिओचीही गंमत आहे. डाव्या आणि उजव्या बाजूची लाट एकाच क्षणी शून्यावर येईल याची हमी नाही. एकीकडे जोड जमतो तेव्हा दुसरीकडे टोचतो. आप्पांच्या टू-इन-वनला माइक एकच होता. म्हणून मी दोन बाजूंपैकी जी जास्त स्वच्छ उतरली होती तेवढीच ठेवली, दुसरी सोडून दिली.

एवढं करूनही चौथ्या आणि पाचव्या तुकड्यामधला जोड ऐकू येत राहिला. तिथं मोठी माय गप्प होती, घट्या थांबलेला होता, म्हणजे दोन्हीकडे शांतताच. शांततेला शांतता जोडताना टक का यावी? आवाज खूप मोठा करून ऐकलं तेव्हा शांततेत गुणगुण सापडली. विजेची. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, टू-इन-वन भिंतीतल्या प्लगला लावलेला, त्याची ती बारीक हम ओवीच्या खाली पहिल्यापासून शेवटपर्यंत पसरलेली. मी मधला तुकडा काढला की ती हम तिच्या फेरीच्या मधेच तुटत होती.

मग उत्तर हिशोबाचं होतं. पन्नास हर्ट्झ म्हणजे एक फेरी वीस मिलिसेकंदांची, आणि ४४,१०० च्या हिशोबात वीस मिलिसेकंद म्हणजे ८८२ आकडे. सलग रेकॉर्डिंगमधून जितकं कापून टाकायचं ते ८८२ च्या पटीत कापलं, तर काढलेल्या भागाच्या अलीकडची हम आणि पलीकडची हम एकाच लाटेसारखी मिळते. पॉज करून भरलेल्या जुन्या कॅसेटवर हे अगदी नेमकं बसत नाही, कारण पॉजनंतर हम फेरीच्या कुठल्या जागी सुरू होईल याचा नेम नसतो, टेपचा वेग डुलतो आणि त्या काळी वीजसुद्धा पन्नासावर धड टिकत नसे. म्हणून ८८२ पासून सुरुवात करायची आणि आकडे इकडेतिकडे सरकवून कानानं ठरवायचं. मी सरकवलं. टक गेली. रात्रीचे दोन वाजले होते आणि मला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटत होतं.

सातव्या तुकड्यात हमच नव्हती. बराच वेळ मी गोंधळले, मग लक्षात आलं, त्या पहाटे लाइट गेलेली असणार आणि आप्पांनी सेल घातले असणार. सेलही दमलेले असावेत, कारण तो तुकडा बाकीच्यांपेक्षा जरा वरच्या सुरात वाजत होता. सेल कमजोर झाले की रेकॉर्ड होताना टेप हळू सरकते, आणि नंतर ती नीट वेगानं वाजवली की आवाज चढतो. त्याचा वेग कमी करून सूर जुळवला. मग आठव्या तुकड्याच्या सुरुवातीची, कुणीही बोलत नसलेली दोन सेकंदं घेतली आणि त्या हमसकट ती सातव्याच्या खाली अंथरली. नाहीतर सातवा तुकडा लागला की खोलीतली हवाच कुणीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं. ऐकणाऱ्याला हम आहे हे कळत नाही, पण ती गेली की मात्र कळतं.

आणि घट्या चालू असताना? खरा घोळ तिथंच होता. घट्याची वरची पाळ एका फेरीत सगळीकडे सारखी बोलत नाही. खुंटा मोठी मायकडे येताना घरघर जड होते, लांब जाताना हलकी. घास पडल्यावर पहिल्या दोन फेऱ्या आवाज भरडा, मग बारीक होत जातो. मी जोड दिला तो येणाऱ्या अर्ध्या फेरीला जाणाऱ्या अर्ध्या फेरीशी, आणि टक नसूनही दगडाला ठेच लागल्यासारखं वाटलं. मग मी फेऱ्या मोजायला लागले. तिची एक फेरी साधारण दीड सेकंदाची. जोड द्यायचा तो फेरीच्या त्याच जागी, घासापासून तितक्याच फेऱ्या झाल्यावर. एका बाजूला वीस मिलिसेकंदांची फेरी, दुसऱ्या बाजूला दीड सेकंदाची, आणि दोन्ही एका जागी भेटायला हव्यात. भेटतात, शोधायला वेळ लागतो.

अशा जागी नुसतं शून्य पुरत नाही, क्रॉसफेड लागतो. मावळणारा तुकडा आणि उगवणारा तुकडा थोडा वेळ एकमेकांवर ठेवायचे. रेडिओत आयुष्य घालवलेले एक काका मला नेहमी सांगायचे की हे कॉम्प्युटरनं शोधलेलं नाही. स्पूलच्या टेपवर ते ब्लेडनं कापायचे तेव्हा आडवं सरळ कापत नसत, पंचेचाळीस अंशात तिरपं कापायचे. पाव इंची टेप, सेकंदाला एकोणीस सेंटिमीटरचा वेग, म्हणजे त्या तिरप्या कापामुळे जुना आवाज सुमारे तेहेतीस मिलिसेकंदांत कमी होत जाणार आणि नवा तितक्याच वेळात भरत येणार. ब्लेडमध्ये लोहचुंबकाचा गुण उतरलेला नसावा, नाहीतर कापलेल्या जागी तेच टक म्हणून बसतं, म्हणून ते ब्लेड जपायचे. काकांनी हातानं हवेत तो तिरपा काप काढून दाखवला होता. कॅसेटवर हे करता येत नाही. तिथं टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच सरकते, विजेची एक फेरी तिच्यावर मिलिमीटरभर जागासुद्धा घेत नाही.

क्रॉसफेडमध्ये दोन रेघा असतात आणि त्यांची गल्लत फार होते. दोन्ही बाजूंचा आवाज एकाच जातीचा असेल, लाटेला लाट जुळत असेल, तर सरळ रेघेचा फेड. दोन अगदी वेगळे आवाज असतील, घट्याच्या घरघरीला पावसाचा आवाज जोडायचा असेल, तर फुगीर रेघेचा, ज्याला इक्वल पॉवर म्हणतात. वेगळ्या आवाजांना सरळ रेघ लावली तर मध्यावर तीन डेसिबलचा खड्डा पडतो, जुळत्या आवाजांना फुगीर रेघ लावली तर तेवढाच उंचवटा. हमला मी सरळ रेघ दिली, घरघरीला फुगीर. स्वरावर मात्र शक्यतो फेड द्यायचाच नाही, तिथं चाळीस मिलिसेकंदसुद्धा दोन बाया एकदम गात असल्यासारखं ऐकू येतं. व्यंजनाच्या तोंडाशी कापावं. "ट", "क", "प" म्हणायच्या आधी माणूस क्षणभर तोंडातच हवा अडवतो, ती नैसर्गिक फट असते, आणि लगेच मागून येणारा ठसका उरलीसुरली खोड झाकून टाकतो. मोठी मायच्या ओवीत अशा जागा पुष्कळ होत्या. अहिराणी बोलणं तसं ठसक्याचंच.

अकराच्या अकरा तुकडे जोडून झाले आणि मग मी चूक केली.

कॅसेट जुनी होती. जोडांच्या पलीकडे, ओवीच्या मधेमधेही बारीक चटचट होती. टेपवरच्या धुळीची, एखाद्या सैल प्लगची. एकेक हातानं काढायला बसले असते तर हळदीपर्यंत संपलं नसतं. म्हणून शेवटच्या रात्री सगळी फाइल निवडली आणि क्लिक काढणारा इफेक्ट एकदम चालवला. तो काय करतो, तर अचानक उठून लगेच विझणारा टोकदार आवाज शोधतो, तेवढे आकडे पुसतो आणि दोन्ही कडांवरून अंदाज बांधून मधली लाट नव्यानं भरतो. काम चोख झालं. फाइल दुधासारखी स्वच्छ. तीच घेऊन मी सकाळच्या एसटीनं गावी गेले आणि मोठी मायच्या कानाला हेडफोन लावला.

घट्याचा खुंटा लाकडी. तिच्या उजव्या हातात तेव्हा डझनभर काचेच्या बांगड्या असायच्या. हात येताना त्या खुंट्यावर आपटायच्या, जाताना मनगटाकडे घसरायच्या. किण, मग खळ्. प्रत्येक फेरीला. अचानक उठणारा, लगेच विझणारा, टोकदार आवाज. मशीनला त्यात आणि धुळीत फरक दिसायचं काही कारण नव्हतं.

मला दिसायला हवा होता. तीन रात्री मी तो आवाज ऐकला होता आणि तो ऐकते आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. मोठे बाबा, म्हणजे मोठी मायचे यजमान, जाऊन आता बारा वर्षं झाली. त्या दिवसापासून मोठी मायच्या हातात काच नाही. मी तिच्या मनगटाकडे बघितलं आणि मान वर करणं मला जड गेलं. ती रागावली नव्हती. हरवलेली वस्तू विचारावी तशी विचारत होती, आणि ती मीच हरवलेली होती.

मूळ फाइलला मी कधी हात लावत नाही. काम होतं ते तिच्या नकलेवर. सोळा वर्षांत ही एक सवय मी मोडलेली नाही आणि त्या दिवशी तिच्यामुळे सगळं वाचलं. धुळ्याला परतले आणि पुन्हा पहिल्यापासून बसले. या खेपेला हातानं. लाट मोठी करून बघितली की धुळीची टक आणि बांगडीची किण वेगळी दिसते. धुळीची टक म्हणजे दोन-चार आकड्यांची सुई, आधी काही नाही, नंतर काही नाही. बांगडीला शेपूट असतं. काच थरथरते, ती थरथर कमी होत होत काही मिलिसेकंद रेंगाळते, आणि त्या शेपटावर खोलीचा, मातीच्या भिंतींचा, धाब्याच्या छताचा हलका शिक्का असतो. सुईला खोली नसते. ती कुठल्याच घरात झालेली नसते. ऑडॅसिटीमध्ये रिपेअर नावाचं एक साधं हत्यार आहे, ते एका वेळी जास्तीत जास्त १२८ आकडे दुरुस्त करतं, म्हणजे तीन मिलिसेकंदही नाही. तेच घेऊन मी एकेक सुई काढत गेले. चार संध्याकाळी लागल्या. बांगडी सगळी ठेवली.

सहाव्या तुकड्यात मोठे बाबा खोकतात. ओसरीवरून, लांबून, ओवीच्या दुसऱ्या ओळीवर. माझ्या भावाचं म्हणणं पडलं की लग्नाच्या मांडवात खोकला नको. मला ते पटलं नाही. तो खोकला कुणीतरी खोकलेला आहे. त्या पहाटे, त्या घरात, ती त्यांच्यासाठीच भाकरीचं पीठ दळत असताना. मी फक्त तेच काढते जे कुणीच केलेलं नाही. आप्पांच्या बटणाच्या ठोक्यावर मात्र माझं मन दोन्हीकडे ओढलं गेलं, कारण तो ठोका म्हणजे त्यांचं बोट, आणि आप्पाही आता नाहीत. ताईला सलग हवं होतं म्हणून हळदीच्या फाइलमधून तो काढला. वेगळ्या नकलेत ठेवला आहे. अकरा तुकडे, बावीस ठोके. ती नक्कल मी कुणाला दिलेली नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी ताई सुरत-भुसावळ गाडीनं नरडाण्याला उतरली आणि थेट घरी आली. सगळ्या जणी ओसरीवर बसल्या, मी फोन छोट्या स्पीकरला जोडला. मोठी माय भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. बांगड्या आल्या तेव्हा तिनं मान हलवली. खोकला आला तेव्हा ताईनं तोंडाला पदर लावला. आठव्या-नवव्या तुकड्यामधला जोड मला सगळ्यात अवघड गेला होता. तो आला तेव्हा मी श्वास धरून बसले. कुणालाच कळला नाही. पंधरा-वीस जणींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही.

फक्त मोठी मायनं डोळे उघडले.

"आठे टाकी लायेल शे," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. तिनं समजावून सांगितलं. घट्या वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग टाकीवाला येऊन छिन्नीनं दोन्ही दगडांना पुन्हा खरखर आणतो. त्या उन्हाळ्यात तो येऊन गेला होता. नवव्या तुकड्यातला घट्या नुकताच टाकी लावलेला आहे, दाणा पकडतो आहे, आणि आठव्यातला बोथट आहे, नुसता घसरतो आहे. मी परत ऐकलं. खरंच, नवव्यापासून घरघरीत वरचा एक खरखरीत पदर जास्त होता. मी तो टेपचा फरक समजून इक्वलायझरनं, म्हणजे वरचे-खालचे सूर कमीजास्त करणाऱ्या हत्यारानं, थोडा दाबलाही होता. ती म्हणत होती की एकाच दळणात बोथट दगड मधेच धारदार कसा होईल?

"घट्या घसास. आपोआप धार येत नही त्याले."

मग तिनंच क्रम सांगितला. टाकीनंतरचे तीन तुकडे आधी, बोथट दगडाचे आठ मागून. दळता दळता धार उतरत जाते, ते ऐकणाऱ्याला खरं वाटेल. ओव्यांचाही क्रम तिनं जागच्या जागी लावून दिला, देवाच्या आधी, माहेरच्या मागून, म्हणजे अर्थही तुटला नाही. मी लॅपटॉप तिथंच ओसरीवर उघडला. जुने सगळे जोड सोडवले, नवे दहा दिले. अकराव्याच्या शेवटाला पहिल्याची सुरुवात लावायची होती. तिथं दगडाचा आवाज खरखरीतून गुळगुळीत होणार, म्हणून मी जागा निवडली ती घास पडण्याची. मूठभर ज्वारी-उडीद दगडाच्या तोंडात पडतात तो आवाज दाट असतो, त्याच्या पोटात बरंच काही मावतं. जोड घासाच्या बरोबर आधी, चाळीस मिलिसेकंदांचा फुगीर फेड, हम ८८२ च्या हिशोबात. इक्वलायझर काढून टाकला.

तोवर बाहेर अंधार पडला होता. ताईनं स्वयंपाकघरातून हाक मारली की भरीत निवतंय. मोठी माय उठली नाही. तिनं तो जोड दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा घास पडायच्या क्षणी तिची डावी मूठ मांडीवरच्या मांडीवर उघडली.